पाचगणीचा फारुख आणि आमची धप-धप-टाळी

मुलांनो, आज आधी एक कोडं घालते. झांजिबारमध्ये जन्मला, पाचगणीला शिकला, लंडनला गाजला आणि आता स्वित्झर्लंडमध्ये एका तळ्याच्या काठी एक हात वर करून उभा आहे. सांगा पाहू, कोण?

नाही आलं? आमच्या वर्गातही कुणाला आलं नव्हतं. 'मॅडम, हनुमान!' असं एकानं सांगून पाहिलं. हात वर, हे त्याचं बरोबर होतं. बाकी सगळं चूक!

उत्तर सांगते, पण त्याआधी तुम्हाला आमच्याकडे यावं लागेल. माझी शाळा बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या एका वाडीवर आहे. नकाशा काढा. बीड जिल्ह्याचं पश्चिमेकडचं टोक दिसतंय ना? तिथं आष्टी. आम्हाला बीडपेक्षा नगर जवळचं. (नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण जिभेवर नगरच येतं.) २०२२ च्या सप्टेंबरात नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे आली, तेव्हा आमची पोरं नुसती गाडी बघायला म्हणून आष्टीला जाऊन आली होती. पुढे २०२५ साली ती गाडी बीडलाही पोचली.

आमच्याकडे पाऊस बेताचा. ज्वारी येते, तूर येते, पण वर्षभर पोट भरेल एवढं बहुतेकांच्या रानात पिकत नाही. म्हणून दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच वाडीवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, कधी शेळीसुद्धा वर चढते आणि माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात. असे कितीतरी कोयते पाच-सहा महिन्यांसाठी बाहेर पडतात. कुणी बारामतीकडे, कुणी कराडकडे, कुणी पार कर्नाटकात. मागे उरतात म्हातारीकोतारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. त्यांच्यासाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं जेवण मिळतं. रात्री झोपायला मात्र आजीकडे.

अशाच एका मुलाची ही गोष्ट आहे, आणि त्या कोड्यातल्या माणसाचीही. मुलाचं नाव मी लिहीत नाही. 'मॅडम, छापू नका, पोरं अजून चिडवत्यात,' असं त्यानंच बजावलंय.

पाचवीतला हा पोरगा. अभ्यासात मधला. वरचे दात जरा पुढे आलेले, म्हणून पोरं त्याला 'फावड्या' म्हणायची. हसायला आलं की तो तोंडावर हात ठेवायचा. मी कितीदा रागावले पोरांना! पण चिडवणं हे असं असतं, बाई वर्गात असेपर्यंत बंद. याला एक भारी नाद होता. काहीही वाजवायचा. बाक, ताट, पाण्याची टाकी, स्वतःच्या मांड्या. एकदा मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून तो पाय आपटत होता. दोनदा पाय, एकदा टाळी. धप, धप, टाळी! धप, धप, टाळी! बघता बघता आठ-दहा पोरं त्याच्या तालावर पाय आपटायला लागली आणि आमच्या पत्र्याच्या व्हरांड्यात असा काही दणदणाट झाला की शेजारच्या वर्गातले सर धावत बाहेर आले.

'कुठं ऐकलंस रे हे?' मी विचारलं.

'मॅचमधी लावत्यात ना मॅडम, टीव्हीवर.'

मुलांनो, तुम्हीही ऐकलंय ते, पैज लावते. जगात कुठंही खेळाचा सामना असला की हा ताल वाजतोच. क्वीन नावाच्या इंग्लंडमधल्या वाद्यवृंदाचं हे गाणं, साल १९७७. त्याची जन्मकथा मोठी मजेची आहे. त्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारा ब्रायन मे. एका कार्यक्रमाच्या शेवटी श्रोतेच त्यांच्यासाठी गाऊ लागले, तेव्हा त्याच्या मनात आलं, दाटीवाटीनं उभ्या असलेल्या माणसाला करता येण्यासारखं काय काय आहे? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल आणि गाता येईल. बस्स! मग ही मंडळी एका जुन्या चर्चमधल्या ध्वनिमुद्रणाच्या जागी गेली आणि तिथल्या लाकडी फळ्यांवर पुन्हा पुन्हा पाय आपटून त्यांनी हा आवाज तयार केला. त्या तालात ढोल नाही, ताशा नाही. आमच्या व्हरांड्यात जे होतं तेवढंच, पाय आणि हात.

आणि ते गाणं गायलं कुणी? फ्रेडी मर्क्युरीनं. हेच आपल्या कोड्याचं उत्तर.

'पण हा इंग्रज पाचगणीला कशाला येईल?' असं तुम्ही म्हणाल. अहो, तो इंग्रज नव्हताच! त्याचं खरं नाव फारुख बुलसारा. घराणं पारशी, मूळ गुजरातमधलं. आज आपण ज्या गावाला वलसाड म्हणतो ते पूर्वीचं बुलसार, त्यावरून आडनाव बुलसारा. वडील बोमी बुलसारा आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटावर सरकारी कचेरीत रोखपाल होते. तिथं ५ सप्टेंबर १९४६ ला फारुखचा जन्म झाला. (५ सप्टेंबर! आपला शिक्षक दिन. वर्गात ही तारीख सांगताना मला उगाचच बरं वाटलं.) आणि १९५५ साली, वयाच्या आठव्या वर्षी, आईवडिलांनी त्याला बोटीत बसवून अरबी समुद्रापलीकडे भारतात पाठवलं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला, सेंट पीटर्स या वसतिगृहाच्या शाळेत.

आठवं वर्ष म्हणजे तिसरीतलं पोर. मी हे सांगत होते तेव्हा वर्ग गप्प झाला होता. एरवी माझ्या वर्गाला गप्प करायला मला टेबलावर डस्टर आपटावं लागतं. व्हरांड्यात वाजवणाऱ्या त्या मुलानं विचारलं, 'मॅडम, मग त्याची आई त्याला न्यायला कधी यायची?'

मी म्हणाले, 'झांजिबार फार लांब रे. दरवेळी घरी जाणं व्हायचं नाही. कितीतरी सुट्ट्या तो मुंबईला नातेवाइकांकडे काढायचा. असं जवळजवळ आठ वर्षं.'

त्यानं बोटं मोजली. 'आमची तर सहा महिन्यांनी येत्यात,' तो म्हणाला. आणि काय सांगू, त्याच्या आवाजात थोडी ऐट होती!

तर त्या वर्षी सहल पाचगणीला न्यायची, हे असं ठरलं. एरवी आमची सहल ठरलेली. प्रतापगड, महाबळेश्वर, वाटेत वाई. पाचगणी वाटेवरच लागते, गाडीच्या खिडकीतून दिसते आणि मागे पडते. यंदा उतरायचं, असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं. कारण विचारल्यावर म्हटलं, 'रॉक अँड रोल!' ते माझ्याकडे बघतच राहिले.

रॉक अँड रोल म्हणजे काय, हे पालकांनाही थोडक्यात सांगते. १९५० च्या सुमाराला अमेरिकेत कृष्णवर्णीय गायकांच्या गाण्यातून हा प्रकार वाढला. ठेका जोरकस, बसून ऐकताच येत नाही असा. एल्विस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो ही त्यातली मोठी नावं. आता गंमत पाहा, अमेरिकेतली ही गाणी सह्याद्रीच्या डोंगरावरच्या एका शाळेत पोचली. फारुख पियानो शिकत होता. मुख्याध्यापकांनीच त्याच्या आईवडिलांना सुचवलं होतं की मुलाला संगीताचं अंग आहे, शिकवणी लावा. रेडिओवर एकदा गाणं ऐकलं की तो ते पियानोवर वाजवून दाखवायचा, असं त्याचे वर्गमित्र पुढे सांगत. १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी मिळून शाळेतच वाद्यवृंद काढला, नाव 'द हेक्टिक्स'. आणि त्यात मुख्य गायक फारुख नव्हता, बरं का! गायचा दुसराच मुलगा. जगातल्या मोठ्या गायकांत पुढे ज्याची गणती झाली तो मागे बसून पियानो वाजवायचा. मित्रांनी त्याला 'फ्रेडी' हे नाव दिलं ते इथंच. आणि आणखी एक नाव दिलं होतं, 'बकी'. म्हणजे काय? तर दात पुढे आलेला!

होय. त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर ढकलले गेले होते. मोठेपणी तो वरचा ओठ खाली ओढून किंवा हात आडवा धरून ते झाकायचा. पुढे पैसा आला तरी त्यानं ते काढून घेतले नाहीत. आवाज बदलेल अशी त्याला भीती वाटायची.

हे सांगितल्यावर वर्गात काय व्हावं? मला वाटलं होतं, आता चिडवणं थांबेल. थांबलं, पण कसं? दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला 'फावड्या'ऐवजी 'फ्रेडी' म्हणू लागली. मी मनातून खूश. चला, पाठ कामी आला! आठवड्यानं मी त्याला हळूच विचारलं, 'आता बरं वाटतंय ना?' तो म्हणाला, 'मॅडम, मपलं नाव ते नाय.'

पटलं मला. फारुखला फ्रेडी हे नाव आवडलं, ते त्यानं ठेवून घेतलं. पुढे मर्क्युरी हे आडनाव तर त्यानं स्वतःच घेतलं. यानं कुठं काय घेतलं होतं? त्याच्यावर ते टाकलेलं. मी वर्गाला सांगितलं, हजेरीपटावर आहे त्याच नावानं हाक मारायची. काहींनी ऐकलं.

सहलीला येणारी अडतीस मुलं. एसटीनं निम्म्या भाड्यात गाडी दिली. या मुलाची आजी पैसे घेऊन शाळेत आली आणि म्हणाली, 'बाई, ह्याला डोंगर दावा. आमी काय दावनार?' जानेवारी २०२४. पहाटे चारला, कडाक्याच्या थंडीत, कानटोप्या घातलेली अडतीस डोकी गाडीत चढली. एक मुलगी हुरड्याची कणसं घेऊन आली होती, पिशवी भरून. आमच्याकडे जानेवारीत कुणाकडे जायचं तर हुरडाच नेतात.

श्रीगोंदा, दौंड, बारामती, फलटण. उजाडलं तसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस दिसू लागला. आमच्या मुलांना ऊस नवा नाही, पण एवढा? नजर जाईल तिकडे ऊस. ठिकठिकाणी फडात तोड चाललेली, पाचटाचे ढीग, कडेला कोप्या, उसानं भरलेल्या बैलगाड्या. गाडीत गाण्यांच्या भेंड्या रंगल्या होत्या. हा मुलगा मात्र खिडकीला नाक लावून बसला होता. फड आला की उठून उभा राहायचा, मागे गेला की बसायचा. मला ठाऊक होतं, त्याचे आईवडील त्या वर्षी कराडच्या बाजूला होते, आमच्या वाटेवर नव्हतेच. त्यालाही ते ठाऊक होतं. तरी प्रत्येक फडाशी तो उठत होता. गाडीत असे आणखीही तिघंचौघं होते, हे मला जरा उशिरा लक्षात आलं. मग मी भेंड्यांना फार जोर केला नाही.

वाईला जेवणं झाली. ढोल्या गणपतीला मुलांनी हात जोडले, कृष्णेत पाय बुडवले. मराठी विश्वकोश याच गावात घडला, हे मी सांगितलं, पण पाण्यात पाय असलेल्या पोरांनी ते ऐकलं असेल असं वाटत नाही.

वाईहून गाडी पसरणी घाट चढू लागली. आता इथं थांबून एक सांगायला हवं. घाटाच्या पायथ्याशी पसरणी नावाचं गाव आहे. तिथं ३ सप्टेंबर १९२३ ला एक मुलगा जन्मला, कृष्णा साबळे. तेच आपले शाहीर साबळे! 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत ज्यांच्या पहाडी आवाजात आपण ऐकतो ते. राजा बढे यांनी लिहिलेलं आणि श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेलं हे गीत २०२३ पासून आपलं राज्यगीत आहे आणि शाळेत आपण ते म्हणतो. म्हणजे बघा, घाटाच्या तळाशी एक गाणारा आणि घाटाच्या माथ्यावर दुसरा. वाढदिवसही दोनच दिवसांच्या अंतरानं. पोरांना मी सांगायचाच अवकाश, वळणावळणाच्या त्या घाटात राज्यगीत सुरू झालं. दोघातिघांना गाडी लागली होती, ती तोंडाला पिशवी धरून, तीही मान हलवत होती.

पाचगणी म्हणजे पाच गावांच्या मधली जागा. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट. इंग्रजांच्या काळात थंड हवेसाठी वसवली, मग इथं शाळा निघाल्या आणि आज ती शाळांचंच गाव झाली आहे. लाल माती, उंच सिल्व्हर ओकची झाडं, आणि गणवेशातली मुलं. आमच्या पोरांनी आधी त्यांचे बूट बघितले.

सेंट पीटर्स शाळा आम्ही फाटकाबाहेरूनच पाहिली. आत जायचं तर आधी पत्र लिहून परवानगी घ्यायला हवी होती. मी लिहिलं नव्हतं, चूक माझी. दुसऱ्याच्या शाळेत न विचारता अडतीस पोरं घेऊन घुसणं बरं नव्हे. आमच्या शाळेत कुणी असं घुसलं तर मला चालेल का? तेव्हा आम्ही रस्त्याच्या कडेला रांगेत उभे राहिलो. माझे डोळे एखादी पाटी शोधत होते. 'या गावात अमुक शिकला' एवढंच लिहिलेली. मी गेले तिथं तरी मला ती दिसली नाही. 'इथं अमक्या सिनेमाचं चित्रीकरण झालं' हे मात्र आम्हाला तीन माणसांनी न विचारता सांगितलं! स्ट्रॉबेरी विकणाऱ्या एका काकांना मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, 'हां, तो गाणारा ना? परदेशी माणसं येतात कधीकधी, त्याचं नाव विचारत. आपल्यातलं कुणी नाही विचारत. तुम्ही पहिल्याच.'

मग तिथंच, रस्त्याच्या कडेला, मी मुलांना सांगितलं की जगभर लोकांनी या माणसाची आठवण कशी कशी ठेवली आहे. तुम्हालाही सांगते.

फारुखची शाळा सुटल्यावर तो झांजिबारला परतला. १९६४ साली तिथं क्रांती झाली, गोळीबार झाला, आणि बुलसारा कुटुंब हातात मावेल तेवढं घेऊन इंग्लंडला गेलं. लंडनजवळच्या फेल्टम गावात एका साध्या घरात राहिलं. फारुख चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकला, विमानतळावर सामान उचलण्याचंही काम त्यानं केलं. १९७० मध्ये क्वीन सुरू झालं. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी मोठा कार्यक्रम झाला. तिथं तो जेमतेम वीस मिनिटं गायला, आणि सत्तर हजारांवर माणसं त्याच्या मागोमाग एकेक सूर म्हणत होती. तो एक हात वर करून उभा राहायचा, ती त्याची खूण. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला. त्याला एड्स झाला होता. वय फक्त पंचेचाळीस.

पुढच्याच वर्षी त्याच्या मित्रांनी त्याच वेम्बलीवर त्याच्या आठवणीत कार्यक्रम केला आणि जमलेल्या पैशातून एड्सच्या रुग्णांसाठी, जनजागृतीसाठी निधी उभा केला. मला विचाराल तर सगळ्या आठवणींत ही पहिल्या क्रमांकाची.

पुतळ्याची गोष्ट वेगळीच आहे. इरेना सेडलेत्स्का नावाच्या शिल्पकार बाईंनी तो घडवला. पण लंडनमध्ये तो उभा करायला जागाच मिळेना! काही वर्षं वाट पाहून तो १९९६ मध्ये स्वित्झर्लंडला, माँत्रो गावी, तळ्याच्या काठी उभा राहिला. त्या गावात क्वीनचं ध्वनिमुद्रणाचं दालन होतं आणि फ्रेडीला ते गाव आवडायचं. आता तिथं पुतळ्याच्या पायाशी रोज कुणीतरी फुलं ठेवून जातं. लंडनमधल्या त्याच्या घराच्या भिंतीवर चाहत्यांनी वर्षानुवर्षं चिठ्ठ्या लावल्या, काहीबाही लिहिलं. (तुम्ही भिंतीवर लिहू नका हं. शाळेची तर मुळीच नको.) फेल्टममध्ये २००९ साली त्याच्या नावाचा दगडी तारा बसवला, तेव्हा तो उघडायला त्याची आई, जेर बुलसारा, स्वतः हजर होती. ज्या आईनं आठ वर्षांच्या पोराला बोटीत बसवून दिलं होतं, तीच.

तिकिटं जमवणाऱ्यांसाठी एक. १९९९ मध्ये इंग्लंडच्या टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं आणि त्यावरून वाद झाला. का? तर राजघराण्याबाहेरच्या जिवंत माणसाचं चित्र तिकिटावर छापायचं नाही असा तेव्हा तिथला प्रघात होता, आणि फ्रेडीच्या मागे अंधुकसा त्याचा ड्रमवादक मित्र दिसत होता, ठणठणीत जिवंत!

आणि आकाशात बघणाऱ्यांसाठी आणखी एक. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात हजारो लघुग्रह फिरतात. त्यातल्या १७४७३ क्रमांकाच्या लघुग्रहाला २०१६ मध्ये, त्याच्या सत्तराव्या वाढदिवसाला, त्याचं नाव दिलं. तो लघुग्रह सापडला होता १९९१ मध्ये, म्हणजे तो गेला त्याच वर्षी. ही बातमी जाहीर केली ब्रायन मेनं. हाच तो धप-धप-टाळीवाला! गिटार बाजूला ठेवून त्यानं साठीच्या उंबरठ्यावर, २००७ मध्ये, खगोलशास्त्रातली डॉक्टरेट पूर्ण केली होती. पालकांनो, मुलं गिटार मागत असतील तर एकदम नाही म्हणू नका.

एवढं सांगून होईपर्यंत हुरड्याची पिशवी आणणारी मुलगी पुढं झाली. 'मॅडम, तिकडं फुलं ठेवत्यात ना?' असं म्हणून तिनं पिशवीतलं एक टपोरं कणीस काढलं आणि रस्त्याकडेच्या एका दगडावर ठेवलं. सगळे बघत राहिले.

'तो काय हुरडा खायचा व्हय?' एकानं विचारलं.

'पारशी होता. धनसाक खात असंल,' दुसरा म्हणाला. हे त्याला कुठून कळलं देव जाणे.

आम्ही चार पावलं गेलो नाही तोच एक शेळी आली आणि तिनं ते कणीस फस्त केलं. पोरं अशी हसली, अशी हसली की विचारू नका. आमचा वाजवणारा मुलगाही हसत होता. या वेळी त्याचे दोन्ही हात खिशात होते. थंडी होती म्हणून असेल.

तिथून आम्ही टेबललँडवर चढलो. टेबललँड म्हणजे जांभ्या दगडाचं भलंमोठं सपाट पठार, खरोखर टेबलासारखं. वर वारा मरणाचा. एका बाजूला खाली कृष्णेचं खोरं, धोम धरणाचं पाणी चमकत होतं. मुलं मोकळी सुटली. मी एका दगडावर बसले आणि फोन काढला. निघण्याआधी ठरवूनच आले होते की ज्यांचे आईवडील फडावर आहेत त्यांना वरून फोन लावून द्यायचा. नंबर वहीत लिहून आणले होते. चौघांचे लागले नाहीत. ती चार पोरं तोंड फिरवून घोडे बघायला गेली. रात्री मुक्कामावर पुन्हा लावले, तेव्हा त्यातले दोन लागले.

या मुलाच्या आईचा लागला. ती मोळ्या बांधत होती. पलीकडून कोयत्यांचे आणि माणसांचे आवाज येत होते.

'जेवला का रं?'

'जेवलो.'

'स्वेटर घातलाय का?'

'घातलाय.'

मग दोघंही गप्प. फोनवर काय बोलायचं असतं? मला वाटलं, आता ठेवतो हा. पण त्यानं फोन माझ्या हातात दिला, म्हणाला, 'मॅडम, असाच धरा,' आणि पळत पोरांकडे गेला. काय सांगितलं कोण जाणे. सगळी पोरं गोळा झाली आणि त्या पठारावर, लाल धुळीत, एकदम पाय आपटले. धप, धप, टाळी! धप, धप, टाळी! धुरळा उडाला, घोडेवाले थांबून बघायला लागले. घोडे बघायला गेलेली ती चौघंही परत येऊन सामील झाली. मी फोन उंच धरून उभी. वारा इतका होता की पलीकडे काही ऐकू जातंय की नाही, कळत नव्हतं.

मग फोन कानाला लावला. आई ओरडून विचारत होती, 'बाई, हे काय वाजतंय वं? कोन वाजिवतंय?'

मी काही बोलायच्या आत तो धापा टाकत आला, फोन घेतला आणि ओरडला, 'मी! आई, मीच हाय की!'